तीसच्या खाली नाही

मी सत्तावन्न वर्षांचा आहे, मले डावा पाय गुडघ्याखाली नाही, आन् मी रोज दुपारी लॅपटॉपवर गेम खेळतो. ज्याले हसायचं असेल त्यानं आताच हसून घ्यावं. आमच्या गल्लीतले लोक हसून हसून थकले, आता ते खिडकीतून डोकावून पाहतात आन् वर म्हणतात, जरा जोरात घ्या ना गाडी. म्या त्यांना सांगून ठेवलं आहे, ड्रायव्हरशी बोलायचं नाही.

सव्वीस वर्षं म्या जीप चालवली. चिखली-बुलडाणा, काळीपिवळी. लग्नसराईत राजूर घाट उतरून मोताळा, मलकापूर. देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेले तर चार-चार दिवस घराचं तोंड दिसत नसे. गाडी कागदावर नऊ सवारीची, आमच्या मनानं सोळाची, आन् बाजाराच्या दिवशी विचारायचंच नाही. धंद्याचा नियम एकच, सीट भरल्याबिगर गाडी हलत नाही. सवारी शिव्या देवो, उन्हानं लेकरू रडो, ड्रायव्हर खाली उभा राहून 'एक सीट, एक सीट' करत राहते. बायको कधी माह्या गाडीत बसली की तिची जागा ठरलेली, सगळ्यात मागं, चाकाच्या वरचा उंचवटा. पुढची सीट पैसे देणाऱ्या सवारीची, घरच्या माणसानं ती अडवायची नसते. आतल्या आरशात मले ती दिसे, खड्डा आला की एका हातानं वरचा दांडा धरून. तिनं कधी तक्रार केली नाही आन् म्या कधी विचारलं नाही.

मग पायात खिळा रुतला. शुगर आहे हे मले माहीत होतं, शुगर काय करते हे माहीत नव्हतं. आधी अंगठा गेला, मग पंजा, मग डॉक्टर म्हणे आता गुडघ्याखालून. भेटायले येणारा प्रत्येक जण म्हणे, नशीब समजा, उजवा तरी वाचला. कशाचं नशीब, बाप्पा! ब्रेकचा पाय राह्यला आन् क्लचचा गेला. म्हणजे मले आता नुसतं थांबता येणार होतं.

ऑपरेशन झाल्यावर तीन महिने आम्ही दोघं पुण्याले पोराकडं राह्यलो. पोरगा कंपनीत आहे, स्वभावानं सोनं आहे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं मी त्याच्यावर चिडणार आहे. त्याच्या घरी भला मोठा कॉम्प्युटर, त्याले स्टीयरिंग लावलेलं, खाली ब्रेक आन् ॲक्सिलेटर. सुट्टीच्या दिवशी तो त्याच्यावर ट्रक चालवायचा गेम खेळे. एका रविवारी त्यानं मले खुर्चीसकट त्याच्यासमोर नेलं आन् म्हणे, "बाबा, बसा. गिअर आपोआप पडतात. क्लच लागतच नाही."

समोर रस्ता होता, दोन्ही अंगाले डोंगर. म्या ॲक्सिलेटर दाबला आन् रस्ता माह्याकडं यायले लागला. पहिल्या वळणावर हात आपोआप फिरले. दुसऱ्या वळणाच्या आधी अंगठा हॉर्न शोधायले लागला. चढावर गिअर पडायची वेळ आली तशी माही डावी मांडी वर उचलली गेली आन् जे पाऊल नाही ते म्या खाली दाबलं. मी रडलो. सुनेसमोर, नातवासमोर, हुंदके देऊन रडलो. मले तेव्हा लाज वाटली नाही आन् आजही वाटत नाही.

चिखलीले निघालो तेव्हा पोरानं ते स्टीयरिंग खोक्यात बांधून दिलं. "माझ्याकडे नवीन येतंय. हे घेऊन जा, आठवण म्हणून." आठवण! आठवणी गेलेल्या माणसाच्या ठेवतात, मी अजून जिता आहे. घरी आल्यावर चार दिवस ते खोकं कपाटावर पडून होतं. पाचव्या दिवशी म्या फोन लावला आन् सांगून टाकलं, मी लॅपटॉप विकत घेऊन राह्यलो.

पोरगा हसला नाही, पण आवाजात हसू होतं. "बाबा, तुमच्या बजेटमधल्या लॅपटॉपवर हा गेम सुरू होतो, चालत नाही. फरक आहे."

"सुरू होणं आन् चालणं यातला फरक तू मले शिकवतो? मंग सव्वीस वर्षं म्या काय झक मारली?"

तरी त्यानं समजावून सांगितलं, आन् चांगलं सांगितलं. पडद्यावरचं चित्र एका सेकंदात किती वेळा बदलते यावर सगळं आहे म्हणे. साठ वेळा बदललं तर रस्ता मऊ पळते. तीसच्या खाली गेलं की झटके बसतात, तुम्हाले वळण दिसते तोपर्यंत वळण होऊन गेलेलं असते. स्वस्तातला लॅपटॉप पहिली दहा मिनिटं चाळीस-पन्नास दाखवते, आन् गरम झाला की बसते. हे सगळं सांगून झाल्यावर तो मुद्द्यावर आला. "त्यापेक्षा तुम्ही आणि आई कायमचे इकडेच या ना. खोली रिकामी आहे, माझा कॉम्प्युटर आहे, नातू आहे. तिथे एकटे बसून करणार काय?"

हा विषय तीन महिन्यांपासून सुरू होता. पुण्यात मले कोणी ओळखत नाही. चिखलीत मी घराबाहेर खुर्ची टाकून बसलो तर येणारा-जाणारा अजूनही 'काय ड्रायव्हर' म्हणते. पुण्यात मी कोणाचा तरी बाप, कुबडी घेऊन लिफ्टमध्ये उभा. नाही म्हणायले माह्यापाशी कारण नव्हतं, आन् कारण नसलं की माणूस ताव खाते.

म्या म्हटलं, "ऐक बे. घाटाचा रस्ता, पाऊस, मालानं भरलेला ट्रक, एका दमात एक तास. तुहा तो आकडा एकदाही तीसच्या खाली गेला, तर दिवाळीच्या आधी मी आन् तुही माय सामान बांधून पुण्याले. नाही गेला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. हाव का नाही?"

"बाबा, असं काय लहान मुलासारखं..."

"हाव का नाही?"

"बरं, हो," पोरगा म्हणे. त्याले खात्री होती.

बायको मागं विळीवर भेंडी चिरून राह्यली होती. तिनं सगळं ऐकलं. तिचा हात थांबला नाही. पुण्याहून आल्यापासून ती मशीनवर नातवाची झबली शिवत होती, रोज एक. तवा मी धरूनच चाललो होतो का ही बाई मनानं कधीचीच पुण्याले पोहोचली आहे. म्हणजे घरात माह्या बाजूनं कोणीच नव्हतं.

आधी गेलो बुलडाण्याच्या एका मोठ्या दुकानात. आत एसी, फरशी अशी गुळगुळीत का कुबडी सटके. टाय लावलेला एक पोरगा आला. "काका, नातवाच्या अभ्यासासाठी?"

"माह्यासाठी. गेमसाठी."

त्यानं माह्या पायाकडं पाह्यलं, मग तोंडाकडं, आन् तिथून पुढं तो मोठ्यानं बोलायले लागला. लोकांचं हे मले समजत नाही, पाय गेला तर कान कसा जाईल? त्यानं एक पातळ, चकचकीत लॅपटॉप काढला आन् त्याच्यावर गाड्यांची शर्यत लावली. "पाहा काका, कसं स्मूथ आहे."

"हा पिक्चर हाये. गेम कुठं हाये?"

"गेम डेमोवर टाकता येत नाही. पण प्रोसेसर एकदम नवीन, रॅम भरपूर..." तो आकडे सांगत सुटला.

"बापू," म्या म्हटलं, "तू मले गाडीचा रंग आन् नंबरप्लेट सांगून राह्यला. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर कोणीही पळवते. सोळा सवारी बसव, टपावर कांद्याचे कट्टे टाक, आन् मे महिन्यात घाट चढव. मंग सांगतो इंजिन कसं हाये ते."

"काका, हे मशीन आहे. जीप नाही."

"जीप काय देवळातली मूर्ती होती?"

जुनी गाडी पाहायले गेलं की बॉनेटवर हात ठेवायची माही सवय. तसाच लॅपटॉपच्या खाली हात घातला. एसीच्या गारव्यात, नुसता पिक्चर दाखवून दहा मिनिटं झाली होती, आन् खालून चटका बसत होता. पातळ दिसायच्या नादात वाऱ्याले जागाच ठेवली नव्हती. म्या त्याले तसं सांगितलं. तो म्हणे, सगळेच असे गरम होतात. म्या म्हटलं, सगळेच असे असतील तर पोरगा जिंकला, पण अजून सगळे पाह्यले नाहीत.

चिखलीत बसस्टँडच्या मागं टिनाच्या शेडात एक बाई जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकते. तिशीतली असेल, ओढणी कमरेले खोचलेली. तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता, गळ्यात टाय नव्हता. माहं अर्धं समाधान तिथंच झालं. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं फळीवरून एक जाडजूड काळा डब्बा काढला. झाकणावर चरे, एक बटण गायब.

"काका, हा घराचे नकाशे काढणाऱ्या एका इंजिनिअरचा होता. चित्रासाठी याच्यात वेगळं कार्ड हाये आन् फॅन दोन हायेत. दिसायले भद्दा हाये, म्हणून कोणी घेऊन नाही राह्यलं."

"पोरी, मीबी दिसायले भद्दाच हावो. गेम टाकून चालवू देशील? एक तास. भर बाराले."

"बाराले काऊन? संध्याकाळी या ना, ऊन उतरल्यावर."

"म्हणूनच तं बाराले."

तिनं एकदा माह्याकडं पाह्यलं, एकदा वरच्या टिनाकडं, आन् हसली. पोराच्या खात्यावरून गेम उतरवून ठेवायचं तिनं कबूल केलं. म्हणे, परवा या.

परवा म्हणजे एप्रिलातला दिवस, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. मी निघालो तर बायकोनं पिशवी घेतली आन् चपला घातल्या. "मीबी येतो. रिक्षातून उतरायले कोणी तं पाहिजे." आमच्याकडं बायाही 'येतो' म्हणतात. म्या मनात म्हटलं, चाल, माही हार डोळ्यांनी पाहून घे.

दुकानदारबाईनं टेबल टिनाखाली मधोमध ओढलं होतं. म्या स्टीयरिंग टेबलाले आवळलं, ब्रेक-ॲक्सिलेटर उजव्या पायाखाली घेतलं. तिनं पडद्याच्या कोपऱ्यात आकडा लावून दिला. पोराले फोनवर सांगून झालं, पंच दुकानदारबाई. पहिल्यांदा सगळं जसंच्या तसं ठेवून गाडी काढली तर आकडा बावीस. ट्रक असा हलत होता, का त्याले हिवताप झाला.

"थांबा काका," ती म्हणे. "सामान उतरवू."

"टपावरचं आधी उतरव," म्या म्हटलं. "शर्त भरलेल्या गाडीची हाये. सजवलेल्या गाडीची नाही."

तिनं सावल्या काढल्या. गवत काढलं. ढग काढले, ढगाले पाहून कोणता ड्रायव्हर गाडी चालवते? दूरचे डोंगर धुरकट केले, झाडाची पानं अर्धी केली. पाऊस आन् ट्रकातला माल तेवढा राहू दिला, तो शर्तीतला होता. आकडा चढत चढत चौतीसवर आला.

"आता आरसे बंद करतो. सगळ्यात जड आरसेच असतात काका. मागचा रस्ता पुन्हा वेगळा काढावा लागते त्याले. आरसे काढले तं थेट चाळीस."

"आरशाले हात लावायचा नाही."

"अहो, एक तास गरम होऊन आकडा खाली येईल. चौतीस काही टिकत नाही. गेममधी मागून कोण येऊन राह्यलं तुमच्या?"

"कोणीबी येवो. सव्वीस वर्षं लोकांनी आपली लेकरं माह्या गाडीत बसवली, ती आरशाच्या भरवशावर. आरसा बंद करून जिंकायचं असेल तं मले पुण्याचं तिकीट काढून दे, मी हसत जातो."

ती बायकोकडं वळली. "काकू, तुम्ही तं सांगा."

बायको म्हणे, "ते नाही ऐकणार. आरसे राहू दे."

पाच कमी बाराले म्या गाडी काढली. पहिली वीस मिनिटं झकास. चौतीस, पस्तीस, चौतीस. एका गावापाशी रस्त्याच्या कडेले एक माणूस उभा दिसला, आन् माह्या पायानं आपोआप ब्रेक मारला. गाडी त्याच्यासमोर नेऊन उभी केली. तो चढेचना. दुकानदारबाई तोंडाले ओढणी लावून हसायले लागली. "काका, तो खोटा हाये! तो कुठंच जात नाही!" कोणी पाहून राह्यलं असतं तर माही शोभा झाली असती, पण खरं सांगतो, त्याले तिथंच सोडून पुढं जायच्या वेळेस मले वाईट वाटलं. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. तो म्या आरशात पाह्यला होता.

अर्ध्या तासाले घाट लागला आन् त्याच मिनिटाले लाइट गेली. टेबल इन्व्हर्टरवर होतं, लॅपटॉप चालू राह्यला. वरचा पंखा इन्व्हर्टरवर नव्हता. पंखा गरगर करत थांबला आन् टिनाचं ऊन सरळ डोक्यावर बसलं. लॅपटॉपचे दोन्ही फॅन घोंघावायले लागले. तेहतीस. बत्तीस. म्या डावा हात सोडून त्याच्या कडेले लावला, चटका बसला. घाटात इंजिन तापलं की काय करायचं ते मले माहीत आहे. गाडी कडेले घ्यायची, बॉनेट उघडायचं, ओलं पोतं टाकायचं. पण इथं शर्त एका दमाची होती. एकतीस.

घाम डोळ्यात उतरत होता. पाऊस पडद्यावर होता आन् मी भिजलेला इकडं होतो. माही डावी मांडी प्रत्येक गिअरले वर येत होती आन् टेबलाच्या पायावर आपटत होती. मनात एकच चाललं होतं, रिकामी खोली, लिफ्ट, कुबडी. तीस. आकडा तीसवर आला. दुकानदारबाई उठून उभी राह्यली. म्या कोपऱ्याकडं पाहणं सोडलं. जाईल तर जाईल, पण वळण चुकलं असं कोणी म्हणायचं नाही. म्या रस्ता पाह्यला, आरसा पाह्यला, रस्ता पाह्यला.

तवाच बोटांवर वारा लागला. लाइट आली असेल असं वाटलं. वर पाहायले फुरसत नव्हती. वारा येत राह्यला, थांबला नाही. फॅनचा आवाज थोडा खाली बसला. पुन्हा कोपऱ्याकडं पाह्यलं तर एकतीस. मग बत्तीस. घाट संपायले अजून सात-आठ वळणं होती आन् ती म्या एकेक करून काढली, भरल्या गाडीची काढतो तशी, कोणाच्या मांडीवर झोपलेलं लेकरू जागं होणार नाही अशी.

"झालं!" दुकानदारबाई ओरडली. "एक तास झाला काका! तीस लागला, तीसच्या खाली नाही गेला!" आन् मग म्हणे, "काकू, आता थांबा वो, हात मोडून येईल तुमचा."

म्या मान वळवली. पंखा बंदच होता. बायको टेबलाच्या डाव्या अंगाले उभी होती, हातात खोक्याचा फाडलेला पुठ्ठा. पाठीवर लुगडं घामानं चिकटलेलं, तोंड लालबुंद. ती माह्याकडं पाहत नव्हती, लॅपटॉपकडं पाहून वारा घालत होती. आन् लॅपटॉपची मागची कड वर उचललेली होती. खाली दोन लाकडी रिळं होती, शिवायच्या दोऱ्याची, रिकामी. घरून पिशवीत घालून आणलेली.

"हे कवा लावलं वो?"

"गाडी काढायच्या आधी. तुम्ही त्या पोरीशी आरशावरून भांडत होते तवा." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पुण्याले पोरगा आपल्या लॅपटॉपखाली पुस्तकं लावते, म्या पाह्यलं होतं."

पोराले फोन लावला. दुकानदारबाईनं आकडा सांगितला, आन् प्रामाणिक बाई, वाऱ्याचंही सांगितलं. पोरगा म्हणे, "मग बाबा, हे तर चीटिंग झालं ना."

माहं डोकं सरकलं. "चीटिंग? घाटात गाडी मागं येऊन राह्यली तं खाली उतरून चाकाले दगड लावणारा माणूस असते. त्याले कोणी चीटिंग म्हटलं का आजवर? एकटा ड्रायव्हर घाट चढला असं तुले कोणी सांगितलं? गाडी चढली का नाही, एवढं बोल!"

पोरगा म्हणाला, "चढली, बाबा." तो खरंच सोनं आहे.

घरी जाताना रिक्षात लॅपटॉप माह्या मांडीवर होता, अजून गरम. मी जिंकलो होतो आन् मले काहीतरी टोचत होतं. म्या म्हटलं, "तुहं मात्र राह्यलं वो."

"काय राह्यलं?"

"पुणं. तुले जायचं होतं ना. रोज झबली शिवून राह्यली होती."

दवाखान्याच्या पुढं गेल्यावर ती बोलली, आन् रिक्षावाल्यानं मागं वळून पाह्यलं इतक्या जोरात बोलली. "झबली मी पार्सलनं धाडून राह्यली होती! नातू हाये माहा, झबली नको शिवू? मले पुण्याले जायचं हाये असं तुम्हाले कोणी सांगितलं? तो म्हणते आईले घेऊन या. तुम्ही म्हणता हरलो तं तुह्या मायले घेऊन येतो. दोघं बापलेक फोनवर शर्ती लावता, आन् मले? मी काय टपावरचं सामान हावो का, कवा चढवलं, कवा उतरवलं? मले एकानं तरी विचारलं?"

तीस वर्षांच्या संसारात मी तिले आरशात पाहत आलो होतो. विचारलं कधीच नव्हतं, ही गोष्ट खरी होती, आन् खऱ्या गोष्टीवर ताव खाता येत नाही. तिचं उजवं मनगट सुजलं होतं. तिनं ते पदराखाली घेतलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. म्या टेबलाले स्टीयरिंग आवळलं, लॅपटॉपखाली दोन रिळं ठेवली, आरसे तपासले, गाडी सुरू केली आन् तसाच बसून राह्यलो. ती भांडी घासत होती. तिनं दोनदा वळून पाह्यलं.

"काऊन थांबले? काढा ना गाडी."

"सीट भरल्याबिगर माही गाडी हलत नाही."

तिनं हात धुतले, पदराले पुसले. मशीनपुढचा स्टूल उचलून आणला आन् कुठं ठेवू म्हणून माह्या मागं घुटमळली. म्या डाव्या अंगाले, पुढं, बोट दाखवलं. ती बसली. साडी सारखी केली. समोर रस्ता होता, गवत नसलेला, सावल्या नसलेला.

"कुठं जायचं?" म्या विचारलं. सव्वीस वर्षांत हजारो सवाऱ्यांना विचारलं असेल, तिले पहिल्यांदा विचारलं.

तिनं थोडा विचार केला. "पुणं सोडून कुठंबी न्या," ती म्हणे.